नगररचनाकार म्हणजे नक्की कोण? शब्द निवडण्यापासून शिक्का वाचण्यापर्यंत

महापालिकेत बांधकाम परवानगीच्या फाइली जिथे फिरतात, तिथे ‘नगररचनाकार’ हा शब्द सहसा कानावर पडत नाही. ‘फाइल टीपीत आहे’, ‘एडीटीपी साहेब बैठकीला गेलेत’, ‘रचना सहायकाने त्रुटी काढली’ अशी तिथली भाषा. (टीपी म्हणजे टाऊन प्लॅनिंग, अर्थात नगररचना विभाग; एडीटीपी म्हणजे तिथले सहायक संचालक.) पण अर्ज, बातमी, भाषांतर किंवा परिचयपत्र लिहायला बसले की हाच शब्द समोर येतो, आणि सोबत त्याची भावंडेही येतात: नगर रचनाकार, नियोजनकार, नगरनियोजक, नगररचना अधिकारी, नगररचनातज्ज्ञ. बहुतेक जण हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. मराठी वर्तमानपत्रांतल्या निम्म्या चुका इथूनच निघतात, असे आमचे मत आहे. कारण हा शब्द तीन वेगळी कामे करतो. तो कुणाचे पद सांगतो, कुणाचा पेशा सांगतो, तर कुणाचे प्रावीण्य. लिहिण्याआधी यांतले काय सांगायचे आहे ते ठरले की योग्य शब्द आपोआप सापडतो.

आधी पद: सहीखालचा शिक्का वाचा

समोरची व्यक्ती सरकारी सेवेत असेल तर आपल्या मनाने शब्द निवडायचा नाही. तिच्या पत्रावर सहीखाली जे पद छापलेले किंवा उमटवलेले असते, तेच अक्षरशः उतरवायचे.

राज्याच्या नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभागातली उतरंड वरून खाली अशी आहे: संचालक, सहसंचालक, उपसंचालक, सहायक संचालक, नगर रचनाकार, सहायक नगर रचनाकार आणि रचना सहायक. म्हणजे ‘नगर रचनाकार’ ही या शिडीची एक ठरावीक पायरी आहे आणि लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत ती गट-अ म्हणून येते. सहायक संचालकाला ‘नगररचनाकार’ लिहिले तर शब्दकोशाप्रमाणे बिघडत नाही, पण कार्यालयाच्या हिशेबात तुम्ही त्यांना एक पायरी खाली उतरवलेले असते. उलट रचना सहायकाला ‘नगररचनाकार’ म्हटले की दोन पायऱ्यांची बढती. माहिती अधिकारातल्या अर्जात, न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रात किंवा तक्रारीत ही चूक महागात पडू शकते. ज्या पदावर कुणी नाहीच, त्याच्या नावाने कागद दाखल होतो आणि टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

विभागाच्या नावात ‘मूल्यनिर्धारण’ का, हा प्रश्न नवख्याला पडतोच. विभाग सुरू झाला १९१४ साली, मुंबई सरकारचे सल्लागार सर्वेक्षक या पदापासून. जमिनीचा वापर ठरवणे आणि जमिनीची किंमत ठरवणे ही कामे तेव्हापासून एकाच छताखाली आहेत. मुंबई इलाख्याचा पहिला नगररचना कायदा १९१५ चा. नगररचना योजनेत भूखंडांची फेरआखणी करायची तर मूळ भूखंडाची किंमत आणि नव्या भूखंडाची किंमत काढावीच लागते, त्यामुळे ही जोडी स्वाभाविक होती. आजही ज्याला लोक रेडी रेकनर म्हणतात, त्या वार्षिक मूल्यदर तक्त्यांच्या कामात नोंदणी विभागात याच सेवेतले अधिकारी दिसतात. म्हणून मुद्रांक कार्यालयातल्या कागदावर ‘नगर रचनाकार’ असा शिक्का दिसला तर तो चुकून उमटलेला नाही. तिथे ते शहर आखत नसतात, मूल्यांकन तपासत असतात.

शिक्का वाचताना ठिकाण लक्षात घ्यायला हवे, कारण ठिकाणागणिक शब्द बदलतो.

नाशिक, ठाणे अशा महापालिकांत नगररचना विभागाच्या प्रमुखपदी राज्य सेवेतले सहायक संचालक, उपसंचालक किंवा त्याहून वरचे अधिकारी असतात. मुंबई महापालिकेची रीत वेगळी. तिथे विकास नियोजन खाते अभियंत्यांचे आहे: प्रमुख अभियंता (विकास नियोजन) आणि त्यांच्या हाताखाली कार्यकारी, सहायक, दुय्यम अभियंते. त्यामुळे ‘मुंबई महापालिकेच्या नगररचनाकारांनी भूखंडाचे आरक्षण बदलले’ हे वाक्य लिहिण्याआधी तसे पद खरेच आहे का ते पाहा. सिडको आणि एमएमआरडीए यांची परिभाषा आणखी निराळी. तिथे ‘नियोजनकार’ चालतो: मुख्य नियोजनकार, वरिष्ठ नियोजनकार, सहायक नियोजनकार. गोव्यात खातेच ‘नगरनियोजन खाते’ आहे, १९७४ च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्याखाली चालणारे, आणि पणजीतली वर्तमानपत्रे ‘मुख्य नगरनियोजक’ असे लिहितात. पणजीच्या बातमीत ‘मुख्य नगररचनाकार’ लिहिले तर गोव्यातल्या वाचकाला ते पुण्याहून आलेले वाटणार.

‘नगररचना अधिकारी’ हा शब्द विशेष जपून वापरावा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ (रोजच्या बोलण्यातला एमआरटीपी) याच्या कलम २४ खाली विकास योजना (शहरातल्या जमिनीचा वापर ठरवणारा आराखडा) तयार करताना नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे बहुतेकदा महापालिकेला किंवा नगरपरिषदेला, नगररचना अधिकारी नेमावा लागतो. विद्यमान जमीनवापर नकाशापासून पुढच्या कामाची जबाबदारी त्याच्यावर असते. ही नेमणूक विशिष्ट योजनेसाठी असते. तेव्हा नगररचना विभागात बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला हे नाव लावता येत नाही.

मग पेशा: पदवी, सदस्यत्व, परवाना

सरकारी शिक्का नसलेला, पण शहर नियोजन हाच व्यवसाय असलेला माणूस म्हणजे पेशाने नगररचनाकार. याची ओळख पटवायला तीन कागद मागावेत.

पहिला पदवीचा. नियोजनाची पदवी चार वर्षांची (बी. प्लॅन), पदव्युत्तर दोन वर्षांची (एम. प्लॅन). पदवीला राष्ट्रीय पातळीवरचा प्रवेश जेईई मेनच्या पेपर दोन-बी मधून होतो. वास्तुविशारद, स्थापत्य अभियंते, भूगोल वा अर्थशास्त्र शिकलेले लोक पदव्युत्तर शिक्षणातून या क्षेत्रात येतात. त्यामुळे ‘आर्किटेक्ट अँड टाऊन प्लॅनर’ अशी दुहेरी पाटी दिसली तर तिच्यामागे बहुधा दोन पदव्या असतात. बहुधा, नेहमीच नाही.

दुसरा सदस्यत्वाचा. १९५१ साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ टाऊन प्लॅनर्स, इंडिया ही या पेशाची संस्था. तिच्या सहयोगी सदस्याच्या नावापुढे ‘ए.आय.टी.पी.’ अशी आद्याक्षरे येतात.

तिसरा परवान्याचा. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्ये वास्तुविशारद, अभियंता, संरचना अभियंता यांच्या बरोबरीने नगररचनाकाराची अर्हता स्वतंत्रपणे दिलेली आहे: संस्थेचे सहयोगी सदस्यत्व किंवा नियोजनातली पदवी वा पदव्युत्तर पदवी. स्थानिक प्राधिकरणाच्या परवानाधारक तांत्रिक व्यक्तींच्या यादीत नाव आहे का आणि परवान्याची मुदत संपलेली नाही ना, एवढे तपासून घ्यावे.

एवढी चौकशी का करायची? ‘वास्तुविशारद’ या नावाला १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाचे संरक्षण आहे. वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी नसताना ते नाव लावणे गुन्हा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये कलम ३७ चा अर्थ लावताना सांगितले की हे कलम नावाचे रक्षण करते, त्या प्रकारचे काम इतरांना करण्यास मनाई करत नाही. नगररचनाकारांसाठी मात्र असा केंद्रीय कायदाच नाही. भूखंड पाडून विकणारा कुणीही पाटीवर ‘नगररचनाकार’ लिहू शकतो, आणि लिहितातही. नीती आयोगाच्या सप्टेंबर २०२१ च्या अहवालात नगर व ग्राम नियोजकांच्या राष्ट्रीय परिषदेची शिफारस होती ती याच पार्श्वभूमीवर. त्याच अहवालातले आकडे असे: राज्यांच्या नियोजन विभागांत नगररचनाकारांची १२,००० हून अधिक पदे लागतील, मंजूर पदे ४,००० पेक्षा कमी, आणि त्यांतलीही निम्मी रिकामी. शिवाय अनेक राज्यांत या पदासाठी नियोजनाची पदवी अत्यावश्यक नाही. म्हणजे पदाने नगररचनाकार असलेला पेशाने असेलच असे नाही.

प्रावीण्य: तज्ज्ञ, अभ्यासक, जाणकार

तिसरा गट सर्वांत अवघड. ज्यांच्याकडे पद नाही, कधी कधी पदवीही नाही, पण शहरांबद्दल त्यांचा शब्द वजनाचा मानला जातो, अशी ही माणसे.

पॅट्रिक गेडिस यांचे उदाहरण घ्या. ते जीवशास्त्रज्ञ, डंडी इथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. हिंदुस्थानात येऊन त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले, १९१८ चा इंदूरचा अहवाल त्यांतलाच. १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना नगररचनाकार म्हणावे का? खुशाल म्हणावे, कारण नियोजन हा स्वतंत्र पेशा म्हणून तेव्हा नुकताच आकार घेत होता. नवी मुंबईची गोष्ट अधिक नाजूक आहे. खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना १९६५ मध्ये मांडणारे तिघे: चार्ल्स कोरिआ आणि प्रवीणा मेहता वास्तुविशारद, शिरीष पटेल स्थापत्य अभियंता. यांच्याबद्दल लिहिताना ‘वास्तुविशारद व नगररचनातज्ज्ञ’ किंवा ‘स्थापत्य अभियंता व नगरनियोजनतज्ज्ञ’ असे लिहावे. मूळ पेशाही राहतो, कामाची ओळखही राहते. नुसते ‘नगररचनाकार’ लिहिले की नवी मुंबई अभियंत्यांच्या आणि वास्तुविशारदांच्या डोक्यातून निघाली हा रंजक तपशीलच पुसला जातो.

जे शहरांवर लिहितात, बोलतात, आंदोलने करतात, पण आराखडे करत नाहीत, त्यांच्यासाठी ‘शहर अभ्यासक’ हा साधा शब्द उत्तम. न्यूयॉर्कच्या जेन जेकब्ज यांना मराठीत सर्रास नगररचनाकार म्हटले जाते. त्या पत्रकार आणि लेखिका होत्या, नियोजनाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. ज्यांच्याशी त्यांचा झगडा झाला ते न्यूयॉर्कचे बलाढ्य बांधकाम अधिकारी रॉबर्ट मोझेसही प्रशिक्षित नियोजनकार नव्हते. या क्षेत्रातल्या सर्वांत गाजलेल्या भांडणात दोन्ही बाजूंना नगररचनाकार नसावा, ही गंमतच.

रचना की नियोजन?

खासगी पेशाबद्दल सर्वसाधारण लिहिताना ‘नगररचनाकार’ आणि ‘नियोजनकार’ यांतला कोणता शब्द घ्यायचा हा प्रश्न उरतो. ‘नगररचना’ हा शब्द तयार वस्तूलाही लागतो आणि शास्त्रालाही. मोहेंजोदडोची नगररचना म्हणजे तिथले काटकोनातले रस्ते आणि झाकलेली गटारे. ‘नियोजन’ मात्र नेहमी पुढच्या काळाचे. त्यामुळे रस्ते, भूखंड, आरक्षणे, विकास योजना असा विषय असेल तर नगररचनाकार. लोकसंख्येचे अंदाज, वाहतूक, पाणी, घरांची गरज असा विषय असेल तर नियोजनकार, अशी ढोबळ वाटणी चालते. क्षेत्र शहराबाहेर पसरले, म्हणजे प्रादेशिक योजना आली, की ‘नगर’ गळून ‘प्रादेशिक नियोजनकार’ होतो. ‘वाहतूक नियोजनकार’ हा शब्दही रुळला आहे, ‘वाहतूक रचनाकार’ कुणी म्हणत नाही. ‘नगरनियोजक’ चूक नाही, गोव्यात तर तोच घरचा. महाराष्ट्रात त्याला किंचित हिंदीचा वास येतो, एवढेच.

शेजारच्या पेशांशी गल्लत होऊ देऊ नये. जमीन मोजतो तो भूकरमापक, आणि तो भूमी अभिलेख विभागाचा. ‘नगररचनाकाराने हद्द कायम केली’ हे वाक्य जवळजवळ नेहमी चुकीचे असते. नकाशा काढतो तो आरेखक. एका इमारतीचा आराखडा करतो तो वास्तुविशारद. चौक, पदपथ, इमारतींची दर्शनी बाजू यांचा एकत्रित विचार करतो तो अर्बन डिझायनर. त्याला रुळलेला मराठी शब्द नाही, म्हणून तोच वापरावा. ओढूनताणून केलेला पर्याय वाचकाला अडखळवतो.

लिहिताना होणाऱ्या चुका

एक वाक्य समोर ठेवून पाहू. अशी वाक्ये रोज छापली जातात:

‘महापालिकेच्या नगरचना विभागाचे नगर रचनाकार तज्ञ व सहाय्यक संचालक यांनी या इमारतीला मंजूरी दिली.’

पहिली चूक ‘नगरचना’. नगर + रचना, दोन र. टंकताना एक र हमखास गळतो आणि संगणकाची तपासणी तो नेहमी पकडेलच असे नाही. मजकूर पूर्ण झाला की ‘नगरच’ ही चार अक्षरे शोधून पाहावीत. सगळ्या गळालेल्या जागा एका झटक्यात सापडतात.

दुसरी, सुटे ‘नगर रचनाकार’. सामासिक शब्द जोडून लिहायचा, म्हणून आपल्या मजकुरात ‘नगररचनाकार’ असेच लिहावे. पदनाम अवतरणात उद्धृत करत असाल आणि शासकीय कागदावर ते सुटे असेल, तरच सुटे ठेवावे. अहिल्यानगरला लोक अजून ‘नगर’ म्हणतात, त्यामुळे तिकडच्या बातमीच्या मथळ्यात सुटा शब्द गमतीदारच वाचला जातो.

तिसरी, ‘तज्ञ’. शब्द ‘तज्ज्ञ’ असा आहे. आणि ‘नगररचनाकार तज्ज्ञ’ ही द्विरुक्ती: एक तर नगररचनाकार, नाहीतर नगररचनातज्ज्ञ. चौथी, ‘सहाय्यक’. मदत या अर्थाचा शब्द ‘साहाय्य’, पदनामात ‘सहायक’. पदाच्या नावात स्वल्पविरामही असतो: सहायक संचालक, नगररचना. पाचवी, ‘मंजूरी’, मंजुरीतला जु ऱ्हस्व.

सहावी चूक शब्दाची नाही, अर्थाची आहे आणि तीच सर्वांत मोठी. परवानगी नियोजन प्राधिकरण देते. एमआरटीपीच्या कलम १५२ नुसार ते अधिकार महापालिकेत आयुक्त किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी, आणि नगरपरिषदेत मुख्याधिकारी वापरतो. नगररचना विभाग छाननी करतो, अभिप्राय देतो, शिफारस करतो. सही त्याच विभागातल्या अधिकाऱ्याची असली तरी ती सोपवलेल्या अधिकारातली असते. दुरुस्त वाक्य असे: ‘महापालिकेच्या नगररचना विभागाचे सहायक संचालक यांनी आयुक्तांनी सोपवलेल्या अधिकारात या इमारतीला परवानगी दिली.’

व्याकरण सोपे आहे. कलाकार, ग्रंथकार यांच्यासारखा हा ‘कार’वाला शब्द: नगररचनाकाराने, नगररचनाकारांना, नगररचनाकारांचा. एकट्या व्यक्तीबद्दलही आदराने ‘नगररचनाकारांनी सांगितले’ असे येते, मग ते एक की अनेक हे कळत नाही. अशा वेळी नाव घालून ‘यांनी’ लावावे. स्त्री असेल तर शब्द तोच, क्रियापद बदलते: ‘नगररचनाकार म्हणाल्या’. ‘नगररचनाकारीण’ करण्याच्या फंदात पडू नये.

भाषांतरातले सापळे

मध्य प्रदेशात खात्याचे नाव ‘नगर तथा ग्राम निवेश’ आणि अधिकारी ‘नगर निवेशक’. इंदूरच्या हिंदी बातमीवरून मराठी करताना याचा ‘शहरातला गुंतवणूकदार’ होऊ शकतो. इथे निवेश म्हणजे वसवणे, मांडणी.

गुजरातचा सापळा याहून फसवा, कारण शब्द ओळखीचा दिसतो. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यात राज्य सरकार नगररचना योजनेसाठी ‘नगर रचना अधिकारी’ नेमते. तो अंतिम भूखंड ठरवतो, रकमांचा हिशेब करतो, मालकांची बाजू ऐकतो, काम अर्धन्यायिक. महाराष्ट्रात हेच काम एमआरटीपीच्या कलम ७२ खाली नेमलेला लवाद करतो, तर आपला कलम २४ चा नगररचना अधिकारी विकास योजनेचा. अहमदाबादच्या योजनेवर मराठीत लिहिताना शब्द तिथलाच ठेवावा आणि पुढच्या वाक्यात ‘आपल्याकडच्या लवादासारखा’ एवढे सांगावे.

इंग्रजीतल्या ‘अर्बनिस्ट’चे मराठी बहुतेकदा ‘शहर अभ्यासक’. पण फ्रेंच ‘उर्बानिस्त’ हा पेशा आहे, तिथे ‘नगररचनाकार’ बरोबर. ब्राझीलमध्ये तर ‘वास्तुविशारद आणि नगररचनाकार’ ही २०१० च्या कायद्याने बांधलेली एकच जोडपदवी आहे. तिथल्या माणसाचा परिचय देताना तिचे दोन तुकडे करून त्याला दोन पेशांचा धनी ठरवू नये.

अर्ज आणि परिचयपत्र

विकास योजनेतला आपल्या जमिनीपुरता भाग नकाशा, जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते ते सांगणारा झोन दाखला किंवा विकास योजनेचा अभिप्राय हवा असेल तर मायना असा: प्रति, मा. आयुक्त, अमुक महानगरपालिका. द्वारा, सहायक संचालक, नगररचना विभाग. नगरपरिषद असेल तर मा. मुख्याधिकारी. हद्दीबाहेरच्या जमिनीसाठी जिल्हाधिकारी किंवा त्या जिल्ह्यातली नगररचना विभागाची शाखा. पदाआधी ‘मा.’ पुरे; ‘मा. नगररचनाकार साहेब’ असे लेखी लिहू नये. विषयाच्या ओळीत गाव, गट किंवा सर्व्हे क्रमांक, हिस्सा आणि क्षेत्र द्यावे. सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि मोजणी नकाशा जोडावा. गट क्रमांक आणि जुना सर्व्हे क्रमांक यांची अदलाबदल झाली की दाखला दुसऱ्याच जमिनीचा निघतो, म्हणून दोन्ही माहीत असतील तर दोन्ही लिहावेत.

खासगी व्यावसायिकाने आपल्या परिचयपत्रावर ‘नगररचनाकार’ लिहावे, त्याखाली पदवी आणि सदस्यत्व क्रमांक. ‘सहायक संचालक (नि.)’ असे निवृत्तीपूर्वीचे पद मोठ्या अक्षरांत आणि ‘नि.’ बारीक छापण्याची पद्धत सोडावी. ‘निवृत्त’ पूर्ण लिहावे आणि त्याच आकारात. सुटे ‘नगर रचनाकार’ तर पत्रावर टाळावेच, कारण तसा शिक्का सरकारी टेबलावरचा असतो.